बाकीचे नऊ बदाम

रेनोच्या एका जुगारघरात मी अकरा वर्षं पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले. ती नोकरी मी विल्मा टॅकेटबाईंपायी सोडली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

विल्माबाई अडुसष्ट वर्षांच्या. एल्कोला तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. दर रविवारी दुपारी यायच्या आणि लहान रकमेच्या टेबलावर बसायच्या. त्या रविवारी समोर प्रुइट होता, सॅक्रमेंटोचा गाड्या विकणारा. "आजीबाई, हा बिंगो नव्हे हं!" पहिल्या डावापासून त्याचं हेच चाललेलं.

एका डावात बाईंच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार उघड्या पत्त्यांत आणखी दोन. शेवटचा पत्ता बदाम निघाला तर पाच बदाम जुळून डाव त्यांचा. प्रुइटने पंचवीस डॉलर लावले, मधल्या ढिगात दोनशे झाले. बाईंनी क्षणात पंचवीस सरकवले. मी पत्ता उलटला. बदाम सत्ती!

"एवढ्या झटपट कसं ठरवलंस गं?" प्रुइट खेकसला.

"नऊ बदाम बाकी होते. एकेक पत्ता शंभरात साधारण दोनदा निघतो. नवाची दुप्पट अठरा, वर थोडं. म्हणजे शंभरात वीसदा, पाचात एकदा धरा. चारदा हरले तर शंभर जातात, एकदा जिंकले तर दोनशे येतात. यात विचार कसला करायचा?"

"बस हाकणारी बाई हे डोक्यात करते? तिच्या कानात बघा! कुणीतरी सांगतंय तिला!"

कानात श्रवणयंत्र होतं. आमचा मॅनेजर रॉइस धावत आला. प्रुइट दर महिन्याला हजारो उडवायचा ना!

"बाई, ते काढून द्या. तपासावं लागेल."

"त्याशिवाय मला ऐकू येत नाही हो."

"नियम आहे."

असला नियमच नव्हता. नियम मला पाठ होते. तरी तो यंत्र घेऊन गेला. मग प्रुइट बाईंकडे बघून आवाज न करता नुसते ओठ हलवायला लागला. बाई गोंधळून पुढे वाकल्या. दोघं-तिघं हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गड्डी खाली ठेवली आणि उभी राहिले.

"यंत्र परत येईपर्यंत मी वाटणार नाही."

"ओपल, खाली बस!" रॉइस लांबून ओरडला.

"बसते. आधी या साहेबांच्या डोक्यात काही आहे का, तेही तपासून घे."

वीस मिनिटांनी यंत्र आलं, सेल वेगळा काढलेला. "काही सापडलं नाही," रॉइस म्हणाला, जणू मोठे उपकारच करतोय. माफीचा एक शब्द नाही.

बाईंनी सेल बसवला, यंत्र कानात घातलं.

"तीस वर्षं मागे चाळीस मुलं बसवून बर्फातून बस नेली मी," त्या म्हणाल्या. "रस्ता तुला दुसरं कुणी सांगतंय, असं कुणाच्या बापाने म्हटलं नाही."

त्या उठून गेल्या. प्रुइटला संध्याकाळचं जेवण फुकट मिळालं, मला दोन आठवडे बिनपगारी घरी बसायचा हुकूम. मी तिथेच ओळखपत्र काढून रॉइसच्या हातात दिलं.

आता मी जवळच्या स्पार्क्स गावात पत्ते वाटते. जागा लहान आहे, पगारही. विल्माबाई अजून इकडे आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "येईन गं. पण माणसांत बसायची इच्छा व्हायला हवी आधी."