सनातूच्या बापाचं पान

"ते पान आत्ताच्या आत्ता काढून टाकायचं," सनातू म्हणाली. वुम्पिनीचा चेहरा पडला. बिचारीनं सनातू मॅडमना खूश करायला ते गुपचूप लिहिलं होतं.

उत्तर घानातल्या तमाले शहरात माझं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत आम्ही दर शनिवारी जमतो आणि इंटरनेटवर आमच्या दागबानी भाषेतला ज्ञानकोश लिहितो. फुकट. हे वेड सनातूनं लावलं. शाळेतली शिक्षिकेची नोकरी सांभाळून ती गावोगाव हिंडली, पोरापोरींना धरून लिहायला बसवलं. आज मलेरियापासून चंद्रापर्यंत काहीही आमच्या भाषेत वाचता येतं ते तिच्यामुळे. मला तिचा फार अभिमान वाटतो. तोंडावर मात्र मी तिला हेडमास्तर म्हणतो.

पान होतं तिच्या वडिलांवर. नापारीबाबा ढोलवाले, राजांची घराणीच्या घराणी त्यांना तोंडपाठ; कोण कुणाच्या कुळातला ते ढोलावर वाजवून सांगायचे.

"छापील पुरावा कुठाय? त्याशिवाय कुणाचंच पान ठेवायचं नाही, ठरलंय ना?" सनातूनं विचारलं.

"मॅडम, अख्ख्या गावाला माहीत आहेत ते!"

"नगरसेवकही गावाला माहीत होता. पुरावा नव्हता म्हणून त्याचं पान आपण उडवलं, तर त्यानं आपल्याला बसायला दिलेलं सभागृह बंद केलं. त्याला एक नियम आणि माझ्या बापाला दुसरा?"

मी मध्ये पडलो. "हेडमास्तर, म्हातारा अंथरुणाला खिळलाय. राहू दे थोडे दिवस. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, नेंदो."

बटण तिनंच दाबलं. मग म्हणाली, "मला घरी सोड. बाबांना मीच सांगते." मी मोटरसायकल काढली.

बाबांची दृष्टी गेली होती, पण कान शाबूत. वुम्पिनीनं कानावर घातल्यापासून, आपलं नाव जगभर झळकलंय हे त्यांनी आल्यागेल्याला सांगून ठेवलं होतं. सनातू चटईवर त्यांच्या पायाशी बसली आणि आडपडदा न ठेवता सांगून मोकळी झाली.

"काढलं? कुणी?"

"मी."

"अख्ख्या जगाचे साप-विंचू चढवलेस त्यात. बापच तेवढा जड झाला होय गं?"

मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता शेजाऱ्यांना काय सांगू?"

"सांगा, मुलगी नालायक निघाली."

"ते त्यांना आधीच ठाऊक आहे," म्हातारा फिस्सकन हसला. मग खोकला. बराच वेळ खोकत राहिला. "एका मुखियानं माझ्या दारात गाय आणून बांधली होती. म्हणे, माझं कूळ राजाच्या कुळाला जोडून वाजव. मी गाय परत हाकलली. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही." त्यांनी चाचपत तिचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला. "माझ्यावरच गेलीस. भोग आता."

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "पण पोरीनं लिहिलं काय होतं?"

सनातूनं फोन काढला नाही. ताठ बसून पहिल्या शब्दापासून ते पान म्हणायला लागली. जन्मगाव, गुरू, कुठल्या राजापुढे कधी वाजवलं, सगळं. एकदाही अडखळली नाही. काढण्याआधी तिनं ते किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. बाबांची बोटं चटईवर ताल धरत होती.

मध्येच बोटं थांबली.

"तिथं चुकलंय," बाबा म्हणाले. "गुरूंमध्ये आजोबांच्या आधी माझ्या थोरल्या काकांचं नाव यायला हवं."

"हो बाबा," सनातू म्हणाली. "दुरुस्त करते."

आणि काकांचं नाव त्यात घालून तिनं ते पान पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं.