फाटकावरचं पाकीट

"शेवटचं पान बघ, शिल्लक," असं म्हणून डेस स्मेदर्स्टने सामन्याची पुस्तिका क्रेगच्या मांडीवर टाकली आणि पुन्हा आपल्या घोट्याला पट्टी गुंडाळायला लागला.

क्रेगला ते पान तोंडपाठ होतं. हॅदर्स्ली टाउनच्या प्रत्येक खेळाडूची जर्सी एका हंगामापुरती गावातलं कोणीतरी पैसे भरून आपल्या नावावर घ्यायचं आणि त्याचं नाव शेवटच्या पानावर खेळाडूच्या नावापुढे छापलं जायचं. गोलकीपरला खाटकाने घेतलं होतं, कप्तान डेसला न्हाव्याने, आणि डाव्या बाजूला खेळणाऱ्या पोराला त्याच्या दोन मावश्यांनी मिळून. हंगामातला घरचा शेवटचा सामना संपला की मैदानाच्या मधोमध उभं राहून, अंगातली जर्सी उतरवून ती त्या माणसाच्या हातात द्यायची, असा तिथला रिवाज होता. क्रेगच्या, म्हणजे सी. टॅप्सेल या नावापुढे मात्र ऑगस्टपासून एकच शब्द छापून येत होता, 'शिल्लक'. चौथ्या श्रेणीतल्या फुटबॉलपटूंना टोपणनाव शोधायला एवढं पुरतं. सरावात चेंडू हवा असला तरी "ए शिल्लक, इकडे दे" अशीच हाक यायची.

त्या शनिवारी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच्या नावापुढे छापलं होतं: 'एक हितचिंतक'.

"कोण आहे रे? बाई असेल तर आधी सांग, आम्ही नीट अंघोळ करून येतो," डेस म्हणाला. सगळे हसले. क्रेगही हसला, पण त्याचे कान तापले होते. हा माणूस कोण, हे त्याला वाचताक्षणीच कळलं होतं. निदान तसं वाटलं तरी होतं.

क्रेग एकोणीस वर्षांचा होता. लंडनच्या एका बड्या क्लबाने सोळाव्या वर्षी त्याला उचललं आणि अठराव्या वर्षी सोडून दिलं. तिथून तो या डोंगराळ, लोकरीच्या गिरण्या बंद पडलेल्या गावात येऊन पडला होता. गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. सकाळी दहा ते साडेबारा सराव, आणि मग उरलेला दिवस. इतर खेळाडूंना बायकामुलं होती, घरं होती, कुत्री फिरवायची होती. क्रेग दुपारभर गावात फिरायचा, वाचनालयात जाऊन ऊब असेतो बसायचा आणि जेवायच्या वेळी खोलीवर परतायचा. अकरा सामन्यांत त्याने एकही गोल केला नव्हता. नऊ नंबर घालणाऱ्या स्ट्रायकरचं काम गोल करणं, त्यामुळे त्याची अवस्था पीठ न पडणाऱ्या गिरणीसारखी होती. आवाज पुष्कळ, हाती काही नाही.

त्याचा बाप रॉय टॅप्सेल फर्निचरची लॉरी चालवायचा. क्रेग अकरा वर्षांचा असताना तो दक्षिणेतल्या मार्गेट गावचं घर सोडून उत्तरेकडे कुठेतरी गेला. जाण्याआधी दर शनिवारी तो पोराला सामन्याला न्यायचा आणि सांगायचा, "नऊ नंबरवर नजर ठेव. चेंडूकडे सगळेच बघतात." बापाचं म्हणून क्रेगकडे एवढं एकच वाक्य उरलं होतं.

प्रत्येक खेळाडूला घरच्या सामन्याची दोन फुकट तिकिटं मिळत. ती पाकिटात घालून, वर नाव लिहून फाटकाच्या खिडकीत ठेवायची. क्रेग पहिल्या सामन्यापासून पाकिटावर 'मिस्टर आर. टॅप्सेल' असं लिहायचा आणि सामना संपला की ओल्या केसांनीच खिडकीपाशी जायचा. फाटकावरचा म्हातारा आल्फ्रेड काही न बोलता पाकीट परत द्यायचा. तिकिटं घ्यायला आला नाही, तरी हितचिंतक म्हणून आला असेल, असा क्रेगने आता हिशेब लावला. लाजत असेल. आठ वर्षांनी तोंड दाखवायचं म्हणजे सोपं नाही.

क्लबच्या कचेरीतल्या बाईला त्याने विचारून बघितलं. नाव सांगायचं नाही अशी अट आहे, ती म्हणाली, आणि शेवटच्या सामन्याला येणारच आहेत ना, तेव्हा बघ. मग त्याने आईला फोन केला.

"क्रेग, त्या माणसाला तुझा वाढदिवस आठवत नाही," ती म्हणाली. "तो कशाला तुझी जर्सी घेईल?"

"मग दुसरं कोण घेईल?" क्रेगने विचारलं.

तो राहायचा मिसेस क्लेगच्या घरी. क्लब आपली बिनलग्नाची पोरं तिच्याकडे ठेवायचा. साठीची, विधवा, हाडाने दणकट बाई. भिंतीवर एका फुटबॉलपटूचं चित्र नाही, बोलण्यात फुटबॉलचा विषय नाही. सोमवारी कलेजी-कांदा, गुरुवारी मटण-बटाटा भरून भाजलेली पाई, बूट दाराबाहेर, आणि अंघोळीला गरम पाणी एका टाकीपुरतं. शनिवारी दुपारी ती बहिणीकडे जायची. क्रेग सामन्याहून परते तेव्हा तिचा कोट बोळातल्या खुंटीवर ओलाचिंब लटकत असायचा. बहिणीचं घर बसथांब्यापासून लांब असेल, असं त्याला वाटायचं. बहीण कुठे राहते हे त्याने कधी विचारलं नाही. खरं म्हणजे त्याने तिला कधी काहीच विचारलं नाही. एकटा माणूस आपल्याच एकटेपणात इतका गुंतलेला असतो की शेजारच्या खोलीतलं त्याला दिसत नाही.

फेब्रुवारीत त्याचा पहिला गोल झाला. गोल कसला, कोणीतरी मारलेला चेंडू त्याच्या नडगीवर आपटून आत गेला. पण जाळं हललं. क्रेग धावत सुटला तो थेट मुख्य फाटकाच्या बाजूला, आणि तिथल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिला. डेसने मागून येऊन त्याला कवेत घेतलं. "कुणाला शोधतोस? चल, खेळ अजून संपलेला नाही."

त्या संध्याकाळी मिसेस क्लेगने त्याच्या ताटात पाईचा दुसरा तुकडा वाढला. शनिवारी तिच्याकडे पाई कधीच नसायची. "उरलाय, बाळ, खाऊन टाक," ती म्हणाली. त्याने खाऊन टाकला.

एप्रिलअखेर मॅनेजरने त्याला खोलीत बोलावलं. शेवटच्या सामन्याला दोन दिवस होते. मॅनेजर काही वाईट माणूस नव्हता. त्याने क्रेगला बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभाच राहिला. "पुढच्या हंगामाला तुला ठेवता येणार नाही, पोरा. तीन गोलांवर नाही जमत. दुसरीकडे शब्द टाकलाय मी." क्रेगने ऐकून घेतलं. त्याला फार वाईट वाटायला हवं होतं, आणि पुढे ते वाटलंही, पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात शनिवार होता. सगळं गेलं तरी चालेल, मैदानाच्या मधोमध एक माणूस येणार होता.

शनिवारी सामना बरोबरीत सुटला. लोक जागेवरच थांबले. खेळाडू मधल्या वर्तुळात रांगेने उभे राहिले आणि जर्सीवाली मंडळी बाजूच्या दारातून एकेक करून आत यायला लागली. खाटीक आला, न्हावी आला, दोन्ही मावश्या नव्या टोप्या घालून आल्या. क्रेगने जर्सी आधीच उतरवून छातीशी धरली होती. पाऊस भुरभुरत होता, तो उघड्या अंगाने कुडकुडत होता आणि डोळे दारावर लावून उभा होता.

दारातून मिसेस क्लेग आली. अंगात तोच कोट, हातात पर्स. चिखलातून जपून पावलं टाकत ती सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली.

"तुम्ही इथे मधे कशाला आलात?" क्रेग म्हणाला. "आत्ता जर्सीवाले यायचेत."

"मी जर्सीवालीच आहे, बाळ."

त्याला कळलं. कळूनही त्याची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली, आणि तिथेच राहिली. दार रिकामं होतं. मग एका माणसाने ते आतून लावून घेतलं.

"दुसरं कोणी यायचं होतं का?" तिने विचारलं.

"नाही," क्रेग म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. तिने हात पुढे केला. त्याने चिखलाने माखलेली जर्सी दिली. तिने ती नीट घडी घालून काखेत घेतली, जणू दोरीवरून उतरवलेला कपडा. "आत जा, गारठशील," एवढंच म्हणून ती वळली.

कपडे करून तो सवयीने फाटकाच्या खिडकीपाशी गेला. आल्फ्रेडने पाकीट परत दिलं आणि या खेपेला तो बोलला. "एक विचारू? वर्षभर ही तिकिटं फुकट घालवलीस. ती डोरा क्लेग, तू तिच्याच घरी राहतोस ना? दर सामन्याला माझ्या फाटकातून पैसे भरून आत जायची. तीसुद्धा उघड्या पायऱ्यांवर, पावसात. मी एकदा म्हटलं, पोराकडे तिकीट माग की. म्हणाली, त्याने दुसऱ्या कोणासाठी ठेवलंय, त्याच्या जागेवर मी कशी बसू."

क्रेग पाकीट हातात धरून तिथेच उभा राहिला. ओला कोट, बहिणीचं घर, शनिवारची पाई, सगळं एकदमच त्याच्यासमोर आलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली. घरी जाऊन काय काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं. पण गेल्यावर ती नळापाशी उभी राहून जर्सी घासत होती, आणि त्याला फक्त "का?" एवढंच विचारता आलं.

"नावापुढे असं 'शिल्लक' लिहितात का माणसाच्या?" ती पाठ न वळवता म्हणाली. "बघवेना मला. बूट बाहेर काढ."

सोमवारी तो गेला. स्टेशनला जाणारी बस तिच्या परसामागून जायची. दोरीवर चादरी होत्या, उशांचे अभ्रे होते, आणि मधे त्याची जर्सी, पाठीवरचा नऊ रस्त्याकडे करून.

ऑगस्टमध्ये तो दोनशे मैल दक्षिणेला, याहूनही लहान क्लबात होता. पहिल्या सामन्याआधी त्याने पाकीट खिडकीत दिलं. तिथल्या माणसाने चष्मा लावून वरचं नाव वाचलं. मिसेस डी. क्लेग.

"येणारेत का या?"

"नाही, फार लांब आहेत," क्रेग म्हणाला. "पण ठेवा."