भांडारप्रमुखबाईंचा शेवट

आत्याच्या खोलीत दोन कपाटं होती. एकात तिचे कपडे होते आणि ते कपाट लहान होतं. दुसरं पार छताला टेकलेलं, कुलूप लावलेलं, आणि त्यात काय नव्हतं ते विचारा. चार केसांच्या ब्रशापासून चार बोटं रुंद ब्रशापर्यंत सगळी भावंडं, कोळशाच्या कांड्या, शाईच्या बाटल्या, पेन्सिलींचे डबे, ॲक्रिलिक रंगांच्या ट्यूबांची अख्खी पलटण, आणि सगळ्यात खालच्या खणात मऊ कापडात गुंडाळलेले हातकागदाचे सात मोठे ताव. बावीस वर्षांची कमाई ती. आता या बावीस वर्षांत आत्यानं त्यातून चित्रं किती काढली म्हणाल, तर खोटं कशाला सांगू, एकही नाही. एक अर्धवट किटली होती, पण तीही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.

बाईला ब्रश धरता येत नव्हता असं मात्र कोणी समजू नये. आत्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून कॅप आणि कवळ्यांची कामं यायची आणि चिनीमातीच्या त्या कोऱ्या दातांवर खऱ्या दातांसारखा रंग चढवायचं काम तिचं. कडेला किंचित राखाडी, मुळाशी चहा पिणाऱ्याचा पिवळा, मधे एखादी बारीकशी चीर. शेजारच्या दोन दातांनाही कळू नये की हा पाव्हणा आहे, असा तिचा हात. रस्त्यात कोणी हसून बोललं की ही मनातल्या मनात त्याच्या दातांची शेड ठरवून मोकळी. तिचा भाऊ म्हणायचा, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या ताईनं ती म्हण खोटी पाडली."

पण लॅबमधून घरी आलं की हात थिजायचा. तिथे दिवसाला वीस दात रंगवणारी बाई इथे एका कोऱ्या कागदासमोर घाबरायची. हा कागद चांगला आहे, वाया जाईल. हा रंग पुन्हा मिळायचा नाही, राहू दे. आधी हात बसू दे, मग काढू. हात बसायची वाट बघताबघता कपाट मात्र भरत गेलं, कारण महिन्याकाठी एखादी वस्तू घरात आली की तिला चित्र काढल्याइतकंच समाधान व्हायचं. पाहुणे आले की ती कुलूप उघडायची आणि गडद निळ्या रंगाची एक ट्यूब लांबूनच दाखवायची. "हात नका लावू हं. आणि झाकण उघडायचं नाही. हवा लागते."

याच घरात भावाची मुलगी होती, पंधरा वर्षांची. आत्या तिला सेनापती म्हणायची, कारण ती वाचायची त्या प्रत्येक पुस्तकात एक पोरगी शेवटी सेनापती व्हायची. वाचनालयातून एका वेळी तीन पुस्तकं यायची आणि तिन्हींमध्ये जगाचं वाटोळं झालेलं असायचं. एक शहर, भोवती भिंत, वर एक दुष्ट सरकार, आणि त्या सरकारला माणसांची कसली ना कसली वर्गवारी करायची भारी हौस.

"काय गं सेनापती, आज कुठलं जग बुडालं?" आत्या विचारायची.

"बुडालं नाही, जळलं. बुडालेलं मागच्या आठवड्यात संपलं."

"मला एक सांग. खायला दाणा नाही, प्यायला पाणी नाही, मग पोरीच्या अंगात एवढं झकास चामड्याचं जॅकेट कुठून येतं? आणि महिनाभर केसांना फणी नाही, तरी दोन-दोन पोरं जीव टाकतायत! आम्ही रोज वेणी घालून जायचो, कुत्रं विचारत नव्हतं."

"आत्या, तू वाचून तर बघ."

चुका काढायच्या म्हणून आत्यानं एक पुस्तक डब्यासोबत लॅबमध्ये नेलं. मग दुसरं नेलं. तिसऱ्याच्या वेळी तर भिंतीला भगदाड पडायच्या ऐन क्षणी एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या दाताची कॅप भट्टीत करपली. मालक म्हणाले, "बाई, तुमची क्रांती होऊ द्या, पण आधी तो दात काढा." पुस्तकातली ती मेली पोरगी काही सुटेना. एक दोर, एक चाकू आणि अर्धा पाव एवढ्यावर बया सरकार उलथायला निघालेली.

"तुला एवढं काय आवडतं गं यात?" तिनं एकदा खरंच विचारलं.

सेनापतीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "त्यात कोणी 'नंतर' म्हणत नाही. त्यांच्याकडे नंतर नसतंच ना. जे हातात आहे ते लगेच वापरायचं."

"हं. सगळं जळल्यावर शहाणपण सुचायला काय जातंय," आत्या म्हणाली. पण स्पष्टच सांगायचं तर तिला त्या दोरवाल्या पोरीचा हेवा वाटला. त्या पोरीला तुझा हात बसलाय का म्हणून कोणी विचारत नव्हतं.

आणि मग सेनापतीनं स्वतःच एक कादंबरी लिहिली. दोनशे बारा पानं, तीन वह्या. वाचनालयात दर वर्षी मुलांनी लिहिलेल्या एकाच पुस्तकाला कपाटात जागा मिळायची, खऱ्या पुस्तकासारखा नंबर, शिक्का, सगळं. यंदा निवड हिची झाली. पण ग्रंथपालबाई शिस्तीच्या. शनिवारी सकाळी पुस्तक बांधणीला जाणार, तोवर मुखपृष्ठ आलं नाही तर पुढच्या नंबरच्या मुलाचं पुस्तक जाणार.

"मुखपृष्ठ तू काढायचंस," सेनापतीनं जाहीर केलं.

"मी?"

"मग कोण? दात रंगवणारी माझी दुसरी एखादी आत्या आहे का?"

आत्याची नजर कुलूपबंद कपाटाकडे गेली. पण पोरीचा चेहरा असा काही फुललेला की नाही म्हणायला जीभ रेटेना. "काढते," ती म्हणाली. तो सोमवार होता.

पुढे नमनाला घडाभर तेल. सोमवारी सगळ्या पेन्सिलींना टोकं झाली. मंगळवारी टेबल खिडकीकडे सरकवलं, बुधवारी ते परत जागेवर आणलं. मग तिला आठवलं की पुस्तक वाचल्याशिवाय मुखपृष्ठ काढणं बरं नव्हे. सेनापतीनं वह्या दिल्या, पण शेवटचं प्रकरण फाडून घेऊन. "शेवट मी घरात कोणालाच दाखवलेला नाही."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आत्या वाचायला बसली. एक करडं शहर. घरं करडी, कपडे करडे, आकाश करडं. शहरातले सगळे रंग एका मोठ्या कोठारात कुलपात, आणि त्यांच्यावर भांडारप्रमुखबाईंचा पहारा. कोणी रंग मागायला आलं की या बाई म्हणणार, योग्य वेळ आली की देऊ. आत्याला मनापासून राग आला. "काय बाई आहे! स्वतः वापरत नाही, दुसऱ्याला देत नाही. असून अडचण, नसून खोळंबा! हिला भर चौकात उभी करा." डब्यातला घास तसाच राहिला. तिनं पान उलटलं.

सणासुदीला भांडारप्रमुखबाई लोकांना निळ्या रंगाची एक ट्यूब लांबून दाखवीत आणि म्हणत, "हात नका लावू हं. आणि झाकण उघडायचं नाही. हवा लागते."

आत्या थांबली. मागे जाऊन पुन्हा वाचलं. भांडारप्रमुखबाईंचा चष्मा दोऱ्याला बांधलेला होता. किल्ली बिस्किटांच्या डब्यात होती. आत्यानं गळ्यातला चष्म्याचा दोरा चाचपला आणि कान लाल होईपर्यंत तशीच बसून राहिली.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती शक्य तितक्या गार आवाजात म्हणाली, "ती तुझी भांडारप्रमुख जरा अतिच वाटते."

"हो का?" सेनापतीनं ताकास तूर लागू दिली नाही.

"अशी बाई खरी असू शकत नाही."

भावाला चहाचा ठसका लागला. तो कप घेऊन गॅलरीत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

शुक्रवारी आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. आता दाखवतेच हिला, असं पुटपुटत तिनं कपाट सताड उघडलं आणि थेट खालच्या खणाला हात घातला. सातातला पहिला ताव टेबलावर पसरला. पेन्सिल घेतली आणि भिंत, कोठार, दारात उभी पोरगी, सगळं दहा मिनिटांत उतरवलं. हात बसायचा राहिलाय कुठे? तो कधीचाच बसला होता. आत्याला स्वतःचीच गंमत वाटली. मोठ्या थाटात तिनं ती निळी ट्यूब काढली.

झाकण फिरेना. पक्कड आणली, फिरवलं, दाबलं. काही येईना. शेवटी कात्रीनं ट्यूब उभी चिरली, तर आत रबराचा निळा गोळा. तिनं लाल काढली, मग पिवळी, मग हिरवी. सगळ्यांचे गोळे. शाईच्या बाटल्यांच्या तळाला नुसत्या खपल्या. एका खपलीत पाणी घालून, घोटून, जेमतेम काळा पातळ रंग तयार झाला. तो तिनं ब्रशानं कागदावर लावला, आणि रेघ जागेवर राहीना. लावली तिथून पसरत, फाटे फोडत, पार कागदाच्या पोटात शिरली. अशा कागदाला रंग धरून ठेवायला खळ लावलेली असते. दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून ती खळ मरून गेली होती आणि राहिला होता नुसता टिपकागद. दुसरा ताव तसाच. तिसरा तसाच. सातव्या तावावर तिनं फक्त एक ठिपका दिला आणि तो बशीएवढा होईपर्यंत बघत राहिली.

मग ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. बावीस वर्षं तिला वाटत होतं की आपल्याकडे एक मोठी गोष्ट राखून ठेवलेली आहे, आणि दिवस कसाही गेला तरी ती घरी कुलपात आपली वाट बघते आहे. तिथे काहीच नव्हतं. कधीपासून नव्हतं, तेही तिला माहीत नव्हतं.

सेनापती दारात येऊन उभी राहिली. चिरलेल्या ट्यूबा बघितल्या, ताव बघितले. पण "अगं बाई, हे काय झालं?" असं काही ती म्हणाली नाही. ते आत्याच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," आत्या म्हणाली.

पोरीनं मान खाली घातली. "मागच्या वर्षी. शाळेच्या तक्त्याला थोडासा निळा हवा होता. तू लॅबमध्ये होतीस. मी बिस्किटांच्या डब्यातली किल्ली घेतली. झाकण निघेना म्हणून दातांनी उघडलं."

"दातांनी?" आत्या रडता रडता ताडकन सरळ बसली. "दातांनी झाकण उघडलंस? आ कर! टवका उडाला असता म्हणजे? तुझी शेड लॅबमध्ये सुद्धा जुळत नाही, माहितेय?"

"आत्या, दात ठीक आहेत."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगणार कसं? तू ती ट्यूब इतक्या प्रेमानं दाखवायचीस." सेनापतीनं एक चिरलेली ट्यूब उचलली. "जमेना मला. म्हणून लिहिलं."

आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि हात पुढे केला. "शेवट आण."

शेवटचं प्रकरण चारच पानांचं होतं. बंडखोर कोठारापाशी पोचतात. सेनापती झालेली पोरगी एकटीच आत शिरते आणि बघते तर रंगांचे दगड झालेले. कोपऱ्यात भांडारप्रमुखबाई खुर्चीत झोपलेल्या, मांडीवर किल्ली. पोरीच्या हातात चाकू असतो. ती आवाज न करता मागे फिरते, दार लावते, कुलूप घालते आणि बाहेरच्या फौजेला सांगते, इथे कोणी नाही, चला पुढे. शहर करडंच राहतं. दोनशे पानं कोणाचीही गय न केलेली पोरगी, पण या म्हातारीला खरं सांगणं तिला जमत नाही.

आत्यानं पानं दोनदा वाचली. मग नीट एकावर एक ठेवली.

"चुकलाय," ती म्हणाली. "शेवट चुकलाय तुझा."

"मला वाटलंच होतं, तुला राग येणार."

"राग नाही गं. बाकी सगळं बरोबर आहे, ती बाई तर अगदी हुबेहूब. पण त्या पोरीनं असं दार लावून जायचं नसतं. तिनं त्या बयेला गदागदा हलवून उठवायचं आणि सांगायचं, बाई, तुमचे दगड झालेत."

"आणि मग? तिला कळल्यावर ती काय करेल?" सेनापती खाली तिच्याजवळ बसली. हे ती पुस्तकासाठी विचारत नव्हती, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

आत्यानं सातवा ताव जवळ ओढला. समोर बशीएवढा काळा डाग अजून थोडा थोडा पसरत होता.

"आधी रडेल," ती म्हणाली. "भरपूर रडेल. मग डोळे पुसेल आणि विचारेल, पोरी, कोपऱ्यावरचं ते स्टेशनरीचं दुकान किती वाजता बंद होतं?"

"आठला," सेनापती म्हणाली.

साडेसात वाजले होते. दोघी एकदमच उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.