विमानाच्या पंखातून निघालेली फणी

मी एक फणी बोलतेय. पण जन्माने मी फणी नव्हे, बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या पंखाचा पत्रा. ते विमान आमच्या व्हिएतनामच्या डोंगरात कोसळलं आणि शिपायांनी माझे तुकडे वाटून घेतले. तेव्हा जो तो घरी न्यायला फणी करत असे.

माझा तुकडा विन्हकडे आला. मिसरूड नुकतं फुटलेलं पोर ते. शीळ घालत कानशीने माझा एकेक दात काढायचा. माझ्या पाठीवर त्याने बहिणीचं नाव कोरलं, लुआ.

"बहीण म्हणे! सगळे असंच सांगतात," त्याचा दोस्त तोआन चिडवायचा. "झाली की आधी माझा भांग पाड."

"हात लावून तर बघ! पहिला मान लुआचा."

माझा शेवटचा दात घासून झाला, त्याच दुपारी नदीकाठच्या उतारावर हल्ला झाला. तोआन गेला. विन्हने त्याचं तोंड धुतलं, केसांतला चिखल काढला आणि मला खिशातून काढून त्याचा भांग पाडला. शाळेत फोटोसाठी पाडतात तसा.

"घे. पहिला तूच," तो म्हणाला.

मेलेल्याला विंचरलेली फणी त्याच्याबरोबरच पुरायची, ही आमच्याकडची रीत. विन्हने मला खड्ड्यापर्यंत नेलं आणि परत खिशात टाकलं. त्यानंतर जे जे पोर पुरलं, त्याला तो मलाच घेऊन विंचरू लागला. शीळ कधीच थांबली होती. पुढे पुढे त्याच्या डोळ्यांत पाणीही येईना. मला त्याचीच भीती वाटायची.

लढाई संपली. घरी लुआने विचारलं, "दादा, पत्रात लिहिली होतीस ती माझी फणी?"

"हरवली."

मी होते घरच्या पूर्वजांना पुजायच्या फळीवर, उदबत्त्यांच्या भांड्यामागे.

एका संध्याकाळी गावच्या पटांगणात पडदा लावून लढाईचा सिनेमा दाखवला. विन्ह अर्ध्यातूनच उठून घरी आला. मागोमाग लुआ तणतणत शिरली.

"चांगला रंगला होता की! त्यातल्या शिपायाने बहिणीला फणी तरी आणली. नाहीतर तू!"

"त्यातली मेलेली पोरंसुद्धा किती नीटनेटकी होती गं," विन्ह म्हणाला. मग त्याने भांड्यामागे हात घातला आणि मला तिच्या हातात ठेवलं.

"हिने मी तोआनला विंचरलं. मग बाकीच्यांना. तुझं नाव मातीत कसं टाकू? आणि तुझ्या केसांत तरी कशी घालू?"

लुआने माझ्यावर कोरलेल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग तिने अंबाडा सोडला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"आता घाल."

त्याने मला उचललं. हात केसांपाशी येऊन थांबला. शेवटी तिनेच मला त्याच्या हातातून घेतलं आणि सावकाश केस विंचरले. विन्ह तोंड झाकून रडला. कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच.

आज लुआचे केस पांढरे झालेत. रोज सकाळी मी तिच्या केसांत असते. तोआनच्या वर्षश्राद्धाला त्याच्या नावाने ठेवलेल्या भाताच्या वाडग्याशेजारी.

माझी एकच विनवणी आहे. धातूला मरण नसतं, कधीतरी मला वितळवतीलच. तेव्हा मला पुन्हा फणी करा, नाहीतर साधा चमचा. पंख मात्र करू नका.