तोफेचं तोंड मागे

माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या वर्कशॉपला ठाऊक आहे. पण त्या दिवशी राग नव्हता, नुसती तगमग होती. जुन्या चिलखती गाड्या नव्या लढाईसाठी तयार करायच्या, हे आमचं काम. शेवटची तपासणी माझी. माझी सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही, आणि दुसऱ्या खेपेच्या गाड्यांवर मी सकाळीच सही करून बसले होते.

या गाड्या बनल्या तेव्हा शत्रू समोरून यायचा. आता तो ड्रोन होऊन डोक्यावर घोंघावतो. म्हणून तोफेच्या बुरुजावर लोखंडी जाळीचं छप्पर आलं, कुशीला जाड पत्रे आले, चालकाच्या झाकणावर अंधारात पाहणारा कॅमेरा आला. प्रत्येक विभागाने आपापलं काम चोख केलं होतं. तरी माझ्या मनात पाल चुकचुकत होती. मी हातोडी घेऊन गाडीभोवती घिरट्या घालत होते. वेल्डरने विचारलं, काही हरवलंय का? हो, तुझी अक्कल, म्हणाले मी. बिचाऱ्याने मुखवटा खाली ओढला आणि कामाला लागला.

खरं कारण वेगळं होतं. माझा धाकटा भाऊ याच गाड्यांवर चालक आहे आणि आपल्या तुकडीबरोबर तो गाड्या ताब्यात घ्यायला आला होता. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवलेला. सकाळी तो शेडमध्ये गाडीच्या पुढच्या झाकणातून आत उतरला, पुन्हा बाहेर आला आणि म्हणाला, ताई, बंगला केलात की! संध्याकाळी गाड्या रेल्वेवर चढणार होत्या. आमच्या साहेबांना सगळे 'झालंच समजा' म्हणतात, कारण काहीही विचारा, ते तेवढंच बोलतात.

दुपारी धाकट्याला जेवायला घरी आणलं. घर वर्कशॉपच्या मागेच. तो दोन माणसांचं जेवला. मी नुसता भात चिवडत होते. शेवटी विचारलंच, गाडीला आग लागली तर तू काय करतोस? तो म्हणाला, विचार करत नाही, झाकण उघडायचं आणि उडी मारायची. मग मला समजावायला त्याने डबा आडवा ठेवला, ती गाडी. त्यावर वाटी उपडी घातली, तो बुरूज. वाटीवर चमचा ठेवला, ती तोफ. नकळत मी तो चमचा उलटा फिरवला.

"अगं ताई, लढाईला जाताना तोफेचं तोंड मागे कोण करतं?" तो हसत म्हणाला.

आमची शेड अरुंद. फार पूर्वी पुढे आलेल्या तोफेवर कुणाचं तरी कपाळ फुटलं, तेव्हापासून गाडी आत आली की तोफेचं तोंड मागे, हा आमचा रिवाज. गोळीबाराची चाचणी जाळी बसायच्या आधीच उरकते. जाळी बसल्यावर रस्त्यावरची चाचणी होते, तीही तोफ मागे ठेवूनच. जाळी बुरुजाबरोबर फिरते, आणि तिचा पुढचा भाग लांब आहे. तोफ पुढे असताना चालकाचं झाकण आम्ही कधी उघडून पाहिलंच नव्हतं. मी तशीच उठले. हातही धुतला नाही.

सगळं ऐकून साहेब म्हणाले, सही तुमचीच आहे ना? म्हटलं, हो, म्हणूनच सांगतेय. त्यांनी घड्याळ पाहिलं, उसासा टाकला आणि एक गाडी मोकळ्या आवारात काढायला लावली. धाकटा आत बसला. झाकण बंद झालं. बुरूज गरागरा फिरला आणि तोफ, जिथे असायला हवी तिथे, पुढे आली. मी हातोडीने चिलखतावर ठोकलं. ती त्याला खूण होती.

झाकण चार बोटं वर आलं आणि खाडकन अडलं. कॅमेऱ्याने झाकणाची उंची वाढवली होती, आणि जाळीची आडवी पट्टी नेमकी त्याच्यावर आली होती. आतून हसू ऐकू आलं. मग पुन्हा खाडकन. मग खांदा लावून जोर केल्याचा आवाज, मग आणखी एकदा. त्यानंतर हसू आलं नाही.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मागून निघता येतं ना, असं ते पुटपुटले. मी म्हटलं, मध्ये बुरूज आहे, पेटलेल्या गाडीत त्याला कोण वाट देणार? मग त्यांनी मान डोलावली. पट्टी कापा, सगळ्या गाड्यांची, संध्याकाळपर्यंत झालंच समजा, म्हणाले. वेल्डर सामान आणायला पळाला. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ वाचला, एवढंच डोक्यात होतं. मला रडू येत होतं आणि ते लपवायचीही शुद्ध नव्हती. तोफ मागे फिरवून त्याला बाहेर काढा, असं मी ओरडले.

तेवढ्यात फटीतून त्याची बोटं बाहेर आली.

"ताई, पहिल्या खेपेच्या गाड्याही इथूनच गेल्या ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्या गाड्या गेल्या आठवड्यातच सीमेवर पोचल्या होत्या. त्या प्रत्येकीवर माझी सही होती, आणि प्रत्येकीत धाकट्याच्या बरोबरीचा कुणीतरी बसलेला होता.

"हो," मी म्हणाले.

"मग तोफ नंतर फिरवा. तू आधी फोन लाव. मी बसलोय इथे."

मी धावले. साहेबांच्या खोलीत फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. खिडकीतून गाडी दिसत होती, आणि झाकणाच्या फटीत त्याची चार बोटं.