कुरडयांचा दिवस

आमच्या गल्लीत मला पोलीस म्हणायचे. तोंडावर नाय, पाठीमागं. म्हणू द्या. दुसऱ्या लाटेच्या त्या चैत्रात मखमलाबादला आमच्या गल्लीत घरागणिक ताप होता आणि माझ्या घरात साधी शिंक नव्हती. ती काय देवाची कृपा होती? ती लंकाबाईची शिस्त होती. असं मी तेव्हा छातीवर हात ठेवून सांगायची.

मला एकाच माणसाची धास्ती. आमचे हे, सावळीराम. घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. पंचवीस वर्षांचा दमा. नुसतं धुकं पडलं तरी उशीला टेकून रात्र काढायचे. टीव्हीवाला बोंबलून सांगायचा, छातीच्या दुखणेकऱ्याला हा रोग सोडत नाय. मी मनाशी ठरवलं, दुनिया इकडची तिकडं होवो, माझ्या नवऱ्याला मी काय होऊ देणार नाय. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं एकदा ताट फेकलं नाय. मी दोनदा फेकलंय.

होळी झाली तसं मी घर भरलं. घोटीहून भावानं तांदळाचे कट्टे पाठवले. तूरडाळ, मूग, तेल, गूळ, साबण, नानांच्या दम्याचे पंप, तापाच्या गोळ्या, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं ते यंत्र. भाजीची तर चिंताच नव्हती, मेथी-कोथिंबीर आमच्याच मळ्यात. माझा पोरगा दीपक माल बांधावरच द्यायचा, मार्केटला पाय ठेवायचा नाय, अशी माझी सक्त ताकीद. नानांना मी पुढच्या खोलीत वेगळं बसवलं. ताट दारात ठेवायचं आणि मागं सरकायचं. नात वेदिका त्यांच्याशी पत्ते खेळायची तेसुद्धा खिडकीतून.

बातम्या बंद केल्या. संध्याकाळी हरिपाठ. "घाबरायचं नाय," मी रोज सांगायची, "घाबरलं की माणूस अर्धा तिथंच मरतो. डोकं शांत ठेवायचं आणि उंबरा ओलांडायचा नाय." शेजारची वत्सलाबाई एकदा विरजण मागायला आली, तर मी तिला फाटकातूनच हाकलली. "मेल्यावर खाशील का दही?" म्हणलं. ती बिचारी हसली आणि गेली.

आता कुरडयांचं सांगते. चैत्रात वर्षाची वाळवणं झाली नाय तर घर भरलं असं कुणी म्हणणार नाय. पापड, शेवया मी आणि सून प्रतिभा दोघींनी मिळून केल्या. राहिल्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवले, चौथ्या दिवशी दोघींनी वाटले, पिळले, चीक रात्रभर पातेल्यात बसू दिला. पहाटे वरचं पाणी काढून टाकायचं, चीक शिजवायचा आणि उन्हं चढायच्या आत कुरडया घालायच्या. चीक थांबत नाय. दुपार झाली की आंबला, मग फेकूनच द्या.

पहाटे उठले तर प्रतिभा न्हाणीच्या दारात उभी. खाली मान घालून म्हणाली, "आई, मला अडचण आली."

"आजच यायची होती?" मी तिच्यावर खेकसले. जशी काय तिनं मुद्दाम आणली. बाहेर बसलेल्या बाईचा वाळवणाला हात लागला की वाळवण लाल पडतं, नासतं, हे मी माझ्या सासूकडून ऐकलेलं आणि कधी तपासून बघितलेलं नाय. प्रतिभा म्हणाली, "आई, आता कशाला मानता हे? मी अंघोळ करते, मास्क लावते, आपण दोघीच करू." मी म्हणलं, "तू जिन्याच्या खोलीत बस. शिवू नको कशाला."

दीपक मळ्यात पाणी भरायला जातो म्हणून अंधारातच गेला होता. पातेलंभर चीक, आणि घाटायला मी एकटी. शिजताना तो असा घट्ट होतो की दोन बायका आलटूनपालटून लागतात, एक सोऱ्या दाबायला, एक वर गच्चीवर नेऊन कापड सांभाळायला. मी फाटक उघडलं. जिला विरजण दिलं नव्हतं त्याच वत्सलाबाईला हाक मारली. तिच्यासोबत बायडाबाई आणि कुसाबाई. आमच्यात वाळवणाला नाय म्हणत नसतात. आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं.

हातपाय धुवायला लावले मी त्यांना. तोंडाला पदर बांधायला लावले. पण चुलीपुढं, त्या वाफेत पदर किती वेळ टिकणार? घटकाभरात सगळ्यांची तोंडं उघडी. महिनाभरानं चार बायका एकत्र आलेल्या, मग काय विचारता! हसून हसून पोट दुखलं. वत्सलाबाई चीक घाटताना मध्येच खोकायची. "धूर लय हाय गं," म्हणायची. मी म्हणलं, "म्हातारी झालीस."

आणि मग मी ते केलं. गरम चीक, वर गूळ आणि तूप, नानांचा जीव की प्राण. महिनाभर एकटे बसून त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मीच हाक मारली, "अहो, या की! गरम गरम खा चार घास." ते आले. लहान पोरासारखे आले. वत्सलाबाईच्या शेजारी पाटावर बसले, तिनं वाढलं, ह्यांनी खाल्लं, तिची थट्टा केली. अर्धा तास बसले असतील.

बायका गेल्या तशी मी नानांना आणि प्रतिभाला बजावलं, "दीपकला सांगू नको." दुपारी दीपक आला, गच्चीवर कुरडया बघून म्हणाला, "आई, दोघींनीच केल्या? धन्य आहे तुझी!" मी हसले.

चौथ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईचा फोन. रडत होती. "लंके, आमच्या नातवाचा, समर्थचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला गं. माझापण आला. कुरडयांच्या दिवशी त्याला जरा कणकण होती, मला वाटलं ऊन लागलं. तुमच्या घरात सगळ्यांची तपासणी कर, नानांची आधी कर." मी बरं म्हणलं आणि फोन ठेवला. त्याच दुपारी नानांच्या अंगाला हात लावला तर कोमट.

मला कळलं. खोटं कशाला सांगू, मला त्याच क्षणी कळलं. पण तपासणी म्हणलं की दीपक विचारणार, कुठून आला? मग सगळं बाहेर येणार. गल्ली काय म्हणेल, पोलिसाच्याच घरात चोरी? आणि सुनेला शिवू दिलं नाय, बाहेरच्या बायका बोलावल्या, हे कुठल्या तोंडानं सांगू? मी दीपकला म्हणलं, "आपल्याकडं कुणी आलं नाय, आपण कुठं गेलो नाय. ऊन बाधलंय. माणसाला घाबरवू नका." गोळी दिली, कांद्याचा रस तळपायांना चोळला. यंत्रात शहाण्णव दिसत होतं. बघा, म्हणलं, ठणठणीत हाय.

दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव. गल्लीतल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं दारातूनच विचारलं, "बाहेरचं कुणी संपर्कात आलं का?" दीपकनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "कुणी नाय." डॉक्टर म्हणाला, मग दमाच उफाळलाय, दोन दिवस बघू. प्रतिभा दाराआडून माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे मला अजून दिसतात.

तिसऱ्या दिवशी नव्वद. मी म्हणलं, यंत्राचा सेल गेलाय. चौथ्या दिवशी संध्याकाळी दीपक माझ्या पुढ्यात येऊन मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. "आई, मी खोटं बोललो. कुरडयांच्या दिवशी मी मळ्यात नव्हतो. पिंपळगावला पॅकहाउसवर भाजीचे कॅरेट आणायला गेलो होतो. पाच-सहा जणांत चहा प्यायलो. माझ्याकडूनच आलंय नानांना. चल, आत्ताच नेऊ."

माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शांत हो. ऊठ, गाडी काढ."

त्या रात्री नाशिकमध्ये खाट मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. चार दवाखान्यांच्या दारातून परत. नाना मागच्या सीटवर माझ्या मांडीवर, तोंड उघडं, विहिरीतून पाणी ओढावं तसा श्वास ओढत. पहाटे कुठंतरी एक खाट मिळाली. डॉक्टरीणबाईनं फोटो बघितला छातीचा आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" उत्तर मला ठाऊक होतं. मान दीपकनं खाली घातली.

दवाखान्यात सहाव्या दिवशी नाना गेले. आम्हाला तोंडसुद्धा दाखवलं नाय, पिशवी दाखवली. अमरधामला, स्मशानात, दीपक एकटाच. तेराव्यापर्यंत जो फोन येईल त्याला पोरगा एकच सांगायचा, "माझ्यामुळं गेले नाना." जेवायचा नाय. कपाळ भिंतीवर आपटून घ्यायचा. वेदिका त्याला भ्यायला लागली. प्रतिभानं एका सकाळी माझ्यापुढं चहाचा कप आपटला आणि म्हणाली, "आई, तुम्ही सांगता की मी सांगू? माझा नवरा मला जिवंत पाहिजे."

तिचं चूक होतं का? मला माझा नवरा जिवंत पाहिजे होता, तसंच ते.

त्या दिवशी दुपारी मी दीपकजवळ जाऊन बसले. मुंडण केलेलं डोकं, त्यावर ऊन. म्हणाले, "बाळा, तुझ्यामुळं नाय. तू त्यांच्या खोलीत गेलाच नव्हतास. मी बायका बोलावल्या. मीच त्यांना चीक खायला बोलावलं." सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा सांगितलं.

त्यानं विचारलं, "वत्सलामावशीचा फोन कधी आला?"

"ताप आला त्याच सकाळी."

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

तो म्हणाला, "चार दिवस होते आपल्याकडं, आई. पहिल्या दिवशी शहाण्णव होतं त्यांचं." आवाज चढला नाय. मला वाटलं, आता हात उगारेल, शिव्या देईल, घराबाहेर काढेल. त्यानं प्रतिभाला हाक मारली आणि सांगितलं, "आईची बीपीची गोळी राहिली असेल, दे तिला."

तिनं आणून दिली. मी पाण्यासोबत गिळली. त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं रडणार?