भरून परत आलेले ट्रक

माझ्या पाठीवर रोज शंभरेक ट्रक चढतात आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रस्त्याच्या कडेला खड्डा खणून मला बसवलं आहे. ट्रक एकदा रिकामा माझ्यावर उभा राहतो, एकदा भरलेला. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. एवढंच माझं शिक्षण.

तरुणपणी माझा थाट होता. ‘या काट्यावर फसवाफसवी नाही,’ असं ड्रायव्हर एकमेकांना सांगत. मग पलीकडे नवे काटे आले. माझ्या खड्ड्यात चिखल साचला, उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि मालक मला भंगारात काढायच्या गोष्टी करू लागला. तेवढ्यात सपना काट्यावर पावत्या करायच्या कामाला लागली. घिवलीच्या मच्छीमार घरातली ही सून. पहिल्याच आठवड्यात ती पदर खोचून खड्ड्यात उतरली आणि घमेल्याने सगळा चिखल उपसला. माझं वजन पुन्हा चोख येऊ लागलं. ते उपकार मी विसरणार नाही.

सपनाच्या घरच्या होडीचं इंजिन दमलं होतं. नव्या इंजिनासाठी तिच्या सासूने, गोदूबाईने, सुकी मासळी विकून तीन लाख जमवले होते. सपनाचा नवरा कमलेश त्याच होडीने समुद्रावर जाई. इंजिन खोल पाण्यात बंद पडलं तर, या विचाराने दोघींना घास गोड लागत नसे.

आमच्याकडे ट्रक पाठवणारा निमेश चहाला आला की शेअरबाजार सोबत घेऊनच येई. तो म्हणाला, “वहिनी, त्या निळ्या गेटच्या रंग कंपनीत पैसे टाका. छोटी कंपनी आहे, शेअर वर्षात दुप्पट झालाय. तिनाचे सहा होतील, मोठं इंजिन घ्या.”

सपनाला ते पटलं. त्या कंपनीचे ट्रक रोज माझ्यावरच यायचे आणि बारा-बारा टनांच्या पावत्या ती स्वतः फाडायची. “एवढा माल हलतोय, कंपनी बुडेल कशी?” ती म्हणाली. खरं सांगू? माझीही छाती फुगली होती. आकडा तर मीच दाखवत होतो.

पैसे काढायला बँकेत जायचं म्हणून गोदूबाई एका दुपारी काट्यावर आली. सपनाची सुट्टी व्हायची होती, म्हणून ती खिडकीशी बसून ट्रक बघत राहिली.

“गो सपना, हा निळ्या पिंपांचा ट्रक भरून आला नि रिकामा गेला. असं कसं?”

“कच्चा माल आणला असेल, आई.”

“मग पिंपांवर शिक्का त्या रंग कंपनीचाच कसा हाय?”

त्याच कंपनीचा पुढचा ट्रक आला तेव्हा गोदूबाईने ड्रायव्हरलाच विचारलं. तो हसला. “पार्टी ने माल लौटा दिया, माताजी. इस महीने की चौथी गाड़ी है.”

सपनाने पावत्या काढल्या. ती आजवर फक्त टन बघत होती. ट्रक भरून गेला की भरून आला, हे तिने पाहिलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

“बाजारातना आपली पाटी भरलेली परत आली, तर आपुन धंदा झाला म्हणतो काय?” गोदूबाई म्हणाली. पण ती रागावली नाही. “लहान कंपनी वाईट नाय गो. पण सगळे बोंबील आमी वाळत घालतो काय? काय ओले इकतो, काय सुकवतो. सुक्याला भाव चांगला, पण आभाळ आलं तर नासतात. इंजिनाचा पैसा वाळत घालायचा नाय.”

त्या दिवशी बँकेतून पैसे निघाले नाहीत. पुढे सपनाने आपल्या पगारातले थोडे पैसे नीट वाचून-विचारून चार छोट्या कंपन्यांत टाकले, गेले तरी चूल पेटेल एवढेच. एक आपटली, दोन जागच्या हलल्या नाहीत, चौथीने मात्र चांगलं दिलं. निळ्या गेटचा शेअर कोसळला. विकणारे रांगेत आणि घेणारा कोणीच नाही. निमेशचेही पैसे अडकले. तो आता सपनाला विचारतो, “वहिनी, आज कुणाचा माल परत आला?”

मागच्या महिन्यात एक टेम्पो माझ्यावर थांबला. मागे त्या जपलेल्या पैशांतून आणलेलं, दोरीने बांधलेलं नवं कोरं इंजिन, शेजारी कमलेश आणि गोदूबाई. वजनाची काही गरज नव्हती, तरी गोदूबाईने हट्टाने करायला लावलं आणि पावतीचे पैसेही दिले. मग खाली उतरून तिने माझ्या कडेला नारळ फोडला आणि पत्र्यावर हात टेकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत मला कोणी नमस्कार केला नव्हता.

मित्रांनो, तो नमस्कार खरं तर तिच्या नजरेला हवा होता. तेव्हा कोणी मोठा आकडा दाखवून भुलवू लागलं, तर ट्रक कुठल्या बाजूने आला तेही बघा. आणि ज्याच्या जोरावर घरचा माणूस समुद्रातून परत येतो, तो पैसा जपा. आज कमलेशची होडी वेळेवर किनाऱ्याला लागली. सपना मला झाडते आहे.